मायच्या हाताखालची भिंत

‘ओपन प्लॅन’ हे दोन शब्द कोणी काढले की माझं डोकं आजही फिरतं. परवा एका लग्नात शेजारी जेवायला बसलेला पाव्हणा आपल्या नव्या घराचं कौतुक सांगायला लागला, ‘गुरुजी, आमी पूर्ण ओपन ठेवलं,’ तर मी ताटावरून उठता उठता राहिलो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण त्या दोन शब्दांपायी माझ्या मायची चारचौघांत काय गत झाली ते मी पाहिलं आहे.

आमचं घर चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या एका गावात. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर. पुढे सपरी, म्हणजे ओसरी, मग माजघर, मग रांधणखोली, आणि मागे सांदवाडी, तिथे विहीर आणि न्हाणी. मायची नजर काचबिंदूनं हळूहळू गेली. पण तिनं हातात काठी घेतली नाही की कोणाचा खांदा धरला नाही. माजघरात तिची खाट होती, आणि खाटेपासून मागच्या दारापर्यंत एक लांब भिंत होती. त्या भिंतीला उजवा हात लावून ती रांधणखोलीत जायची, भाजी निवडायची, न्हाणीत जायची, परत यायची. दर दिवाळीला त्या भिंतीला छुईची पांढरी माती स्वतःच्या हातानं सारवायची. कुठे फुगवटा आहे, कुठे सूप अडकवायची खुंटी आहे, कुठून चौकट सुरू होते, हे तिच्या तळहाताला ठाऊक होतं. पाव्हण्यांना तर कळायचंही नाही की म्हातारीला दिसत नाही.

घर नवं करायचं माझ्या मुलाच्या मनात आलं. तो पुण्याला नोकरीला. त्यानं गोंदियाचा एक तरुण डिझायनर पाठवला. पोरगा हुशार, चुणचुणीत, हिंदीत बोलायचा. सपरीत बसून त्यानं कागद पसरले आणि शब्दांचा भडिमार सुरू केला. एलिव्हेशन, फॉल्स सीलिंग, स्कर्टिंग, वेट एरिया, ड्राय एरिया. “किचन, डायनिंग, लिविंग, सब एक फ्लो में रहेगा सर. पूरा ओपन प्लान.”

मी नंदीबैलासारखी मान डोलावली. तीस-पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. ‘समजलं नाही तर हात वर करा रे’ असं ओरडून घसा बसवला. न विचारणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. आणि माझ्यासमोर विशीतला पोरगा बोलत होता, तर माझा हात काही वर झाला नाही. आमच्या लोकांत ही एक खोडच आहे. शहरातला शिकलेला माणूस दारात आला की घरातला कर्ता पुरुष सगळं कळल्यासारखा बसतो. मळणीयंत्र घेताना तेच, बोअर मारताना तेच, डॉक्टरासमोर तेच. विचारलं तर अडाणी ठरू, ही भीती. चार एकर कमी असले तरी चालतील, पण अज्ञान उघडं पडायला नको.

कागदावर एक लांब तुटक रेषा होती. मला वाटलं विजेची तार असेल. मी सही केली.

माय दाराआड बसून सगळं ऐकत होती. पाहुणे आले की बाया आतून ऐकतात, ही आमच्याकडची रीत. पोरगा गेल्यावर तिनं विचारलं, “ओपन मंजे का गा?”

“मंजे घर मोकळं होते, माय. हवा येते,” मी म्हणालो.

मला कळलेलं नव्हतं, तरी मी तिला सांगितलं. याची मला आज जास्त लाज वाटते. त्या पोरासमोर गप्प बसलो ते एक वेळ समजू शकतो. पण आंधळ्या आईला थाप मारायचं काय कारण होतं?

कामाची धूळ नको म्हणून मायला चिचगडला माझ्या बहिणीकडे नेऊन सोडलं. मग एके दिवशी ती भिंत पडली. माझ्या डोळ्यादेखत पडली. गावातलाच म्हातारा मिस्त्री घमेलं खाली ठेवून म्हणाला, “गुरुजी, येथी नवी भित कोटी येऊन रायली?”

“ड्रॉइंगमधे असंल,” मी म्हणालो. नवी भिंत कुठे येणार ते फोन उचलून त्या डिझायनरला विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. नाही विचारलं. उलट मोकळ्या जागेत उभं राहून मला वाटलं, घर केवढं मोठं दिसतं! भिंत कोणाच्या उपयोगाची होती हे त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. दोन धडधाकट डोळे असून मी ते पाहिलं नाही, याचा संताप मला त्या पोरापेक्षा स्वतःवर जास्त येतो.

घरभरणीला अर्धं गाव आलं. घरात सगळ्यांत मोठी बाई कळस घेऊन आधी आत जाते आणि चुलीवर दूध उतू जाऊ देते. म्हणून चिचगडहून मायला आणलं. नवं लुगडं, डाव्या कडेवर कळस. तिनं उंबरठा ओलांडला, सपरी पार केली, माजघरात आली आणि सवयीनं उजवा हात लांब केला. हाताला काही लागलं नाही. ती आणखी एक पाऊल पुढे सरकली. पायाखाली गुळगुळीत फरशी. हात हवेतच. मग ती त्या भल्यामोठ्या हॉलच्या मधोमध थांबली. ना पुढे, ना मागे.

“आजी, चला ना समोर,” कोणीतरी म्हणालं.

“भित कोटी गेली?” माय म्हणाली.

लोक हसले. खरंच हसले. म्हातारी गंमत करते असं त्यांना वाटलं. डिझायनर मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, तोही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको धावली, तिनं मायचा दंड धरला आणि तिला चुलीपर्यंत नेलं. दूध उतू गेलं, टाळ्या वाजल्या. मायचा चेहरा दगडासारखा होता.

पंगत उठल्यावर मी त्या पोराला कोपऱ्यात घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे पिशवीतून कागद काढला. “सर, ड्रॉइंग में तो था. डॉटेड लाइन मतलब वॉल हटेगी. आपका साइन है.” माझीच सही, वळणदार, शिक्षकी. पण एक सांगतो, घरात कोण राहतं, कोणाला दिसत नाही, कोण कसं चालतं, हे त्यानंही एकदा विचारलं नाही. त्यानं खिडकीतून ऊन किती येईल ते मोजलं. माझ्या मायला मोजलं नाही.

त्यानंतर मायचं चालणं बंद झालं. खाटेवरून उठायचं तर हाक मारायची, कोणीतरी येऊन हात धरायचा. बायको कधी कंटाळली नाही, मी पण नाही. तरी थोड्याच दिवसांत बायकोच्या ध्यानात आलं की माय चहा अर्धा ठेवते. दुपारी पाण्याचा गडू पुढे केला तर तोंड फिरवते. ओठ सुकलेले. मी जवळ बसलो आणि विचारलं, “माय, पानी काऊन पित नाई?”

तिनं लुगड्याचा पदर सावरला. मग म्हणाली, “पेलो का जा लागते. घडी घडी कोनाले आवाज देऊ?”

न्हाणीपर्यंत कोणाचा हात धरावा लागू नये म्हणून माझी आई तहानलेली राहत होती. माझ्याच घरात, छताला गुलाबी दिवे लावलेल्या त्या हॉलमध्ये.

मी तसाच उठून मिस्त्रीकडे गेलो. भिंत परत घालायची, विटा टाक म्हणालो. मुलाचा पुण्याहून फोन आला, “बाबा, सगळा लूक जाईल.” मी त्याला फोनवर असा झापला की शेजारचे दारात आले. लूक म्हणे! ज्या बाईला दिसत नाही तिच्या घरात लूक कोणासाठी?

भिंतीच्या आखणीची दोरी बांधली तेव्हा माय खाटेवरून म्हणाली, “मिस्त्रीले येथी बोलाव.” तो आला. तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. उंची किती? दार कोटी? दार आत उघडते का बाहेर? मिस्त्री बोलता बोलता म्हणाला की लिंटेल टाकतो, तर लगेच, “लिंटेल मंजे का गा?”

“दाराच्या वरची पट्टी, माय. वरच्या इटा तिच्यावर बसतेत.”

“मंग माह्या डोक्याले त नाई लागत?”

“नाई लागत.”

तो एकदाही हसला नाही आणि तिला एकदाही लाज वाटली नाही. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. लिंटेल म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं.

भिंत उभी झाली. अजून प्लास्टर नव्हतं, विटांच्या कडा बोचऱ्या होत्या, सिमेंटचा ओला वास येत होता. मी मायला हात धरून खाटेवरून उठवलं आणि तिचा उजवा तळहात विटांवर टेकवला. ती जराशी थांबली. बोटं सांध्यांमधून फिरवली. चार पावलं माझ्यासोबत चालली. मग तिनं आपला डावा हात माझ्या हातातून हिसकून घेतला.

“सोड आता,” ती म्हणाली, “आन् मले पानी दे.”