आजीच्या वहीतल्या खोडलेल्या ओळी

आजी डायरी सकाळी लिहायची. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही म्हणून उजाडताच, गाईची धार काढायच्या आधीच, 'आज काय काय केलं' ते लिहून मोकळी व्हायची. दिवेलागणीला फक्त जे झालं नसेल ते खोडायचं. 'खुराडं धुतलं' ही ओळ एके ठिकाणी सलग नऊ दिवस खोडलेली आहे. कोंबड्यांचं नशीबच फुटकं.

गेल्या रविवारी मी या वह्या आत्याला वाचून दाखवायला बसले. आत्या बहात्तर वर्षांची, तरी घरात अजून सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती सहा वर्षांची असताना आजीने तिला स्वतःच्या बहिणीकडे नेऊन सोडलं आणि दहा महिने तिचं तोंड पाहिलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, ठाऊक असेलही. पण ते आजीचेच चिरंजीव, तोंड उघडतील तर शपथ! "आईला मी नको होते," हे आत्या आजवर किती वेळा म्हणाली असेल, त्याला गणतीच नाही.

"वाचायचं तर वाच," आत्या म्हणाली. "मी काही ऐकत नाहीये." आणि माझ्याकडे पाठ करून मटार सोलायला लागली.

नेमकी त्या वर्षाची वही उघडताना मलाच भीती वाटली. आजीला गोड बोलणं कधी जमलं नाही. काही वाकडं लिहिलेलं निघालं तर या वयात या बाईची समजूत कशी काढायची? पण थांबले असते तर न ऐकणारीला लगेच कळलं असतं.

"विहिरीचा दोर बदलला. तांबडी गाय आटली. खोकल्यातून रक्त पडलं."

मग चार दिवसांनी, "डॉक्टर म्हणाले, लहान पोर जवळ नको. मोठा गोठ्यात झोपेल. धाकटी माझ्या कुशीशिवाय झोपत नाही, तिचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी, "तिला बहिणीकडे सोडलं. कारण सांगितलं नाही, नाहीतर पळत परत येईल. रडले नाही."

यातलं 'रडले नाही' खोडलेलं होतं. मी तेही सांगितलं.

आत्याचे हात थांबले. "पुढे?"

"बटाटे काढले. धाकटीला घरी आणलं." पहिलं तसंच, दुसरं खोडलेलं. पुढच्या दिवशी, "सरपण फोडलं. धाकटीला घरी आणलं." पुन्हा खोडलेलं. मी पानं उलटत गेले. दहा महिने आजीने रोज सकाळी लेकीला घरी आणलं होतं आणि रोज संध्याकाळी ते खोडलं होतं. शेवटी एका पानावर एवढी एकच ओळ होती, न खोडलेली.

"नको नव्हते गं मी तिला," आत्या म्हणाली. ती हसत होती, डोळे वाहत होते, मटार जमिनीवर पसरले होते. माझ्या जिवात जीव आला. मी नाक पुसलं आणि पुढची वही घेतली.

"ती ठेव," आत्या माझ्याकडे तोंड करून बसली. "मधलं गाळलंस तू. ते वाच."

"अगं आत्या, तीच ओळ आहे, तीनशे वेळा!"

"असू दे. सगळ्या वाच."

मी पहिल्यापासून वाचायला लागले. प्रत्येक ओळीला आत्या 'हं' म्हणत होती.