मालकाच्या हातचा गिलास

"सांग रे, तुही बायको कुठं हाय?"

बागेच्या मालकानं पाहुन्यांसमोर माह्या बाले इचारलं. बा ओसरीच्या पायरीखाली पाय फाकवून उभा. पाय जवळ घेतले की त्याचा तोल जाय. हातात गिलास.

"अंजनगावले गेली मालक, माहेरी. उद्या येते."

माय मरून तीन वर्सं झाली होती. ओसरी खदाखदा हासली. मालकानं पुन्हा तेच इचारलं. आता बा म्हने, "बाजारात गेली, वांगे घेऊन." पुन्हा हासले. मी पंधरा वर्साची, संत्र्याचं टोपलं घेऊन तिथंच उभी होती. धरनीनं पोटात घेतलं तं बरं, असं झालं मले.

इंग्रजाचं राज होतं. आमी माळी. जंभेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, रोपाले चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचा. बाचं कलम कधी मेलं नाई. म्हनूनच मालक रोज काम सुटलं की त्याले आपल्या हातानं मोहाची दारू पाजे. हा हात दुसऱ्याच्या बागेत जाऊ नये, एवढ्यासाठी. अन् आमी येडे, त्यालेच मान समजत होतो. माय शेजारनीले सांगे, "मालक सोता भरून देते वं!"

वीस वर्सं पाजली. मंग बा कालचं आज इसरू लागला. सकाळी बांधलेलं कलम दुपारी सोडून पाहे, हे कोनं बांधलं म्हनून. कलमं वाळली. मालकानं कामावरून काढलं. संध्याकाळचं बोलावनं मात्र सुरूच ठेवलं, पाहुन्यांच्या करमनुकीसाठी.

त्या दिवशी पाहुन्यांत नागपूरचा एक डाक्तर होता. तो हासला नाई. खाली आला, बाच्या डोळ्यापुढं बोट फिरवलं, चालून दाखव म्हनला. मंग मले बोलला, "पोरी, हा खोटं बोलत नाही. दारूनं मेंदू पोखरलाय. आठवण गेली तिथं मन काहीही भरतं."

"बरा होईन का?"

"गेलं ते बहुतेक येणार नाही. उरलंय ते वाचव."

मालकानं गिलास पुन्हा भरला. बानं हात पुढं केला. मी मधात गेली, गिलास हिसकला अन् पायरीवर ओतला.

"माजली का वं?" मालक वरडला.

"माह्या मायची थट्टा बस झाली. बा उद्यापासून येनार नाई."

बानंच मले पहिली शिवी देल्ली. चार दिवस तो लटलट कापला. दारू सुटली, पन डोकं भरून आलं नाई. मी त्याची पोर हे इसरून मले आता तो 'बाई' म्हनते. माय कुठं, हे रोज इचारते. रोज मले सांगा लागते.

चाकू धरला की मात्र त्याले सारं येते. त्याच्याजवळ बसून मी कलम शिकली. आज मी गावोगाव कलमं बांधते. मजुरीसंगं गिलास भरनाऱ्याच्या बागेत माहा चाकू निघत नाई. त्या मालकाचं तीनदा बोलावनं आलं, बाग वाळून राहिली म्हनून.

वाळू दे.