विमलाताईंनी धुतलेला ऑक्टोपस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत विमला परबांइतकी स्वच्छ बाई नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. पाहुणा पुरता उठायच्या आत त्या सोफा झटकतात!

त्यांचा मुलगा सुशांत बँकेत नोकरीला. दर रविवारी त्याचे मित्र जमायचे. टेबलावर पुठ्ठ्याचं बुडालेलं शहर मांडून, फासे टाकून, बोटाएवढ्या शिपायांची लढाई चालायची. त्यातले राक्षस म्हणजे साकीनाक्याहून आणलेले स्वस्तातले प्लास्टिकचे ऑक्टोपस, खेकडे आणि शार्क. त्यांच्यावर सुशांत बारीक ब्रशने महिनोन्महिने शेवाळ, गंज, चिखल रंगवत बसायचा.

गणपतीआधीच्या साफसफाईत विमलाताईंनी ते सगळे सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातले आणि काथ्याने खसाखसा घासले. वेंगुर्ल्याची बाई ती, बाप्पा यायच्या घरात एवढी घाण कशी ठेवेल? पुन्हा दुकानातल्यासारखे केशरी-गुलाबी झालेले प्राणी त्यांनी टेबलावर ओळीत मांडले.

सुशांत कामावरून आला आणि त्याने एक ऑक्टोपस उचलून पाहिला. "छान निघालेत गं," एवढंच म्हणाला.

"मेल्यान बोंब तरी मारूक व्हयी होती," त्या मला म्हणाल्या. "माका वाटला, मळ आसा."

आता लढाई अंधेरीला मित्राच्या घरी होते. इकडच्या टेबलाला विमलाताई हात लावत नाहीत. प्राण्यांवर खरीखुरी धूळ साचली आहे. निदान "आई, हे जरा पूस गं" असं तरी सुशांतने म्हणावं, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली आहे.