गालबोटाची डबी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या घरी भाजी निवडत होते. "मावशी, आई..." एवढंच भाच्याला बोलता आलं. मला आधी तिचा रागच आला. दुसऱ्यांच्या लेकरांना दवाखान्यात पिटाळणारी ही बाई स्वतःच्या छातीतलं दुखणं मात्र अंगावर काढत बसली.

माझी ही थोरली बहीण तिसगावजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवायची. तोंडाची फटकळ. पोर वजनकाट्याच्या झोळीत घालण्याआधी ती त्याला काजळाचं गालबोट लावायची, कारण वजन केलं की दृष्ट लागते ही आयांची भीती. मी तिला यावरून खूप चिडवलं.

पूर आला त्या वर्षी मी तिच्या मदतीला गेले होते. वस्तीवरच्या गाई-शेळ्या वाहून गेल्या, दूध संपलं आणि लहान पोरं बिस्किटं नि कोऱ्या चहावर राहू लागली. काही आठवड्यांनी द्रौपदाबाई नातीला, परीला, घेऊन आल्या. पोरीचे गाल टम्म. छान बाळसं धरलंय, मी म्हणाले. अक्काने माझ्याकडे रोखून पाहिलं. तिने परीच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना... उपासमारीची सूज होती ती.

आजी ऐकेनात. "पोरगी अंगानं भरलीय बाई. दवाखाना कशापायी? दिष्ट नका लावू." अक्काने डबी उघडली, परीला गालबोट लावलं आणि आजींचाच अंगठा धरून त्या पावलावर ठेवला.

"दाबा तुमी."

आजींनी दाबला, खळग्याकडे पाहिलं आणि परीला पदरात गुंडाळलं. पूल खचलेला, म्हणून नगरच्या दवाखान्यात जायला ट्रॅक्टरने ओढा ओलांडायचा होता. परी रडतसुद्धा नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटत होती. नगरला पोहोचेपर्यंत अक्का सारखी तिच्या नाकापुढे बोट धरून बघत होती.

परी वाचली. सूज उतरल्यावर ती इतकी रोड दिसू लागली की आजी अक्काशीच भांडल्या, "माझी नात वाळवून आनली तुमी!" अक्का हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

परवा मी अंगणवाडीत गेले. नव्या बाईंनी परीला झोळीत बसायला सांगितलं, तर ती हलेना. गाल पुढे करून उभी राहिली. खिडकीत डबी होती. उघडली, तर काजळात अक्काच्या बोटाचा खळगा तसाच होता. मी त्यातच बोट टेकवलं.