तीनदा सुटलेली चावी

देव मानतो मी, पण सवयीनं. भूत, करणी, उतारा, अंगात येणं... हे मी उभ्या जन्मात मानलं नाही. लोक रस्त्यावरचं लिंबू ओलांडत नसत, मी पायानं उडवून पुढं जायचो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण धाड अन् आजूबाजूच्या गावांत माह्या हाताखालून न गेलेलं कुलूप सापडणं कठीण. कुलूप ही सरळ वस्तू आहे. खाच जुळली तर फिरते, नाही जुळली तर फिरत नाही. तिसरं काही त्यात नसते. असं मी लोकांना पन्नास वर्षं सांगत आलो.

सांगताना दर वेळी एक पेटी डोळ्यापुढं यायची. त्या पेटीचं आज लिहितो. छापताना शुद्धलेखन सुधारून घ्या, मजकूर सुधारू नका. जे झालं ते असंच झालं.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. धाड गावात एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताले आमचं घर. पुढच्या खोलीत माहं दुकान, मधल्या खोलीत चूल, अन् मागं न्हाणी. घरात आम्ही तिघं... मी, माय, अन् माही धाकटी बहीण शांता. वडील आधीच गेले होते, म्हणजे घरचा कर्ता मीच.

काम मी रोहिणखेडच्या एका उस्तादांपाशी शिकलो. त्यांच्याकडे सगळं कानशीनं चाले. मी मात्र खामगावहून चाव्या बनवायची जुनी मशीन आणली. या भागातली पहिलीच असावी. दोन शिकंजे शेजारी-शेजारी. डाव्या शिकंज्यात असली चावी पकडायची, उजव्यात कोरी. हँडल फिरवलं की डावीकडचं लोखंडी बोट असली चावीच्या दातांवरून सरकते अन् उजवीकडची चकती कोऱ्या चावीवर तेच दात पाडते. सगळी कला पकडीत आहे. दोन्ही चाव्यांचे खांदे एका रेषेत पाहिजेत, अन् नट असा आवळायचा की चावी केसभर हलली नाही पाहिजे. हलली की ती चावी नाही, पत्र्याचा तुकडा.

उस्ताद मुद्दाम मशीन पाहायले आले. चहूबाजूनं पाहून म्हणे, "मशीन अच्छी है. पण एक ध्यानात ठेव, बेटा. नटाचा पहिला फेरा मालकाच्या हातानं देत जा. ज्याचं कुलूप, त्याचा हात."

मी म्हटलं, "उस्ताद, चोर आला तर तोही देईन की फेरा!"

"देऊ दे. त्याचा हात कसा चालते ते पाहत जा," म्हणे. "अन् मालक समोर नसला, तर चावी बनवायचीच नाही."

मी हाव म्हटलं. गिऱ्हाइकाच्या बाबतीत पाळलंही.

आता शांताचं. ती मॅट्रिक झाली होती. आमच्या गल्लीत पोरगी मॅट्रिक झालेली ती पहिली. तिनं अकोल्याले नर्सच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला. मी नाही म्हटलं. शाळेतले गुरुजी घरी आले, मायही तिच्या बाजूनं बोलली. चार लोक ओट्यावर बसलेले. मी ताठ्यात म्हणून गेलो, "येऊ द्या मुलाखतीचा कॉल. कॉल आला तर मी आडवा येणार नाही. माहा शब्द आहे." मनात पक्कं होतं, एवढ्या लांबून हिले कोण बोलावते?

कॉल आला.

शांता पत्र घेऊन दुकानात नाचत आली. "दादा, वाच!"

तिले माहीत होतं मले भरभर वाचता येत नाही. तिच्या मनात काही नव्हतं. पण मले ते लागलं. मी म्हटलं, "ठेव जपून. तुह्या डोक्यात काही राहत नाही."

तिनं ते पत्र अन् मॅट्रिकचं सर्टिफिकेट तिच्या लोखंडी पेटीत ठेवलं. पेटी मायच्या लग्नातली, तिले अलिगडी कुलूप. चावी काळ्या दोऱ्यात गळ्यात. मुलाखत पाचव्या दिवशी होती.

उघड नाही म्हणायची मले सोय नव्हती. शब्द दिलेला होता, तोही चार लोकांत. शब्द मोडायचा नव्हता, म्हणून मी बहिणीची पेटी फोडायची ठरवली. लोकांना यात काही फरक दिसणार नाही. मले तेव्हा लय मोठा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावरून न्हायले बसली. न्हाताना दोरा खुंटीला अडकवायची. मी चावी उचलली अन् दुकानात आलो. मागं तांब्याचा आवाज येऊन राह्यला होता. हातात पंधरा-वीस मिनिटं. मले पाच पुरत.

चावी डाव्या शिकंज्यात धरली, नट आवळला, हँडल फिरवलं. खट्! चावी सुटली. म्हटलं, दोऱ्यामुळं तेलकट झाली असन. धोतरानं पुसली, पुन्हा आवळली. अर्धा फेरा होत नाही तर पुन्हा सुटली. मग पितळेची पट्टी खाली घातली, खांदा पाहिला, पक्कडीनं नट आवळला. त्या शिकंज्यात मी याहून गुळगुळीत चाव्या धरल्या होत्या. एकही कधी हलली नव्हती. तिसऱ्यांदा ती नुसती सुटली नाही, उडून माह्या पायापाशी येऊन पडली.

आतून माय म्हणे, "काय खटखट लावली रे सकाळी सकाळी?"

"गिऱ्हाइकाचं काम आहे!"

"गिऱ्हाईक तर दिसून नाही राह्यलं कोणी..."

न्हाणीतून शांता ओरडली, "माय, अजून एक बादली दे वं! शिकेकाई निघून नाही राह्यली."

थांबायचं असतं तर तिथं थांबलो असतो. पण मशीननं मले नाही म्हणावं? चौथ्यांदा मी नट आवळून वरून डावा अंगठा दाबून धरला अन् हँडल फिरवलं. चकती नखाजवळ घासून गेली. ती खूण अजून आहे. रक्त आलं, पण चावी झाली. दोन्ही चाव्या एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या. केसभर फट नाही. असली चावी पुसून खुंटीवर लावली.

दुपारी ती गुरुजींकडे गेली. माझी चावी लोण्यासारखी फिरली. मी पत्र काढलं, कुलूप लावलं अन् पत्र मशीनच्या पाटाखाली सरकवून दिलं.

त्याच संध्याकाळी शांता दुकानात आली. "दादा, चावी फिरून नाही राह्यली."

मी जाऊन पाहिलं. खरंच नाही. चावी आत पूर्ण जाते, पण फिरत नाही. मले वाटलं, माह्या चावीनं आतलं काही बिघडलं. ती पाण्याले गेली तशी माझी चावी लावून पाहिली... पटकन उघडलं. लावलं. ती पेटीवर ठेवून गेली होती ती चावी लावली... नाही. पुन्हा माझी... उघडलं. दोन्ही चाव्या पुन्हा एकावर एक धरल्या. दात तेच, खोली तीच, जाडी तीच. भिंग लावून पाहिलं. कुठंच फरक नाही.

तीन दिवस असंच चाललं. ती म्हणे, "फोड नं दादा. माह्या साड्या आत आहेत, सर्टिफिकेट आत आहे."

"फोडलं की कोयंडा तुटते. मायच्या लग्नातली पेटी आहे. उद्या तेल घालून पाहू."

"निघन नं पण?"

"मी आहे नं वं."

"तू म्हणतो तर थांबते," म्हणे. "तुह्याएवढा कुलपाचा माणूस तालुक्यात नाही."

हे ती खरं मानून बोलली होती. मी मान हलवली अन् जेवायले बसलो.

मुलाखतीच्या दिवशी ती पहाटेच उठून बसली. वेणी घातलेली, चपला पुसून ठेवलेल्या. म्हणे, "आता फोडच, दादा." मी हाव म्हटलं. हातोडी शोधली. सापडत नाही म्हटलं. मग छिन्नी शोधली. मायनं हातोडी आणून पुढ्यात ठेवली, म्हणे, "ही काय तुह्या डोळ्यापुढं होती!" तेवढ्यात स्टँडवर बुलडाण्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही तिघांनी ऐकला. गाडी निघाल्याचा आवाजही ऐकला. अकोल्याले वेळेवर पोचवणारी दुसरी गाडी नव्हती.

शांतानं गळ्यातली चावी काढली अन् कुलपाले लावली. नुसती सवयीनं.

फिरली.

माय अन् मी पाहतच राह्यलो. मग तिनं पेटी उपसली. साड्या, सर्टिफिकेट, फोटो, सगळं होतं. पत्र नव्हतं. तिनं घडी-घडी झटकली, पेटी उलटी केली, तळाचा कागद काढला. मग माह्याकडे पाहून म्हणे, "दादा, मी इथंच ठेवलं होतं... नं?"

मी म्हटलं, "मले काय माहीत? तुले म्हटलंच होतं, तुह्या डोक्यात काही राहत नाही."

वाचकहो, हे लिहायले मले इतकी वर्षं लागली.

कारणं मीही लावून पाहिली. कुलपात कचरा अडकला असन... मग माझी चावी कशी फिरत होती? नटाचे आटे झिजले असतील... मग त्यानंतर वीस वर्षं त्याच शिकंज्यातून एकही चावी कशी सुटली नाही? मी उस्तादांना फक्त एवढंच सांगितलं, की एक चावी तीनदा सुटली. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून विचारलं, "पहिला फेरा कोणाचा होता?" मी त्यांचा कप उचलून विसळायले नेला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पण खरं जे बोचते ते वेगळंच आहे. ते मले लय उशिरा समजलं. ते तीन दिवस त्या पेटीले जगात एकच चावी चालत होती, अन् ती माह्या खिशात होती. पत्र दहा हातांवर, मशीनच्या पाटाखाली. कोणाले न कळता मी ते कधीही जागेवर ठेवू शकलो असतो. शांता पेटी उघडून पाहू शकत नव्हती, म्हणजे माही चोरी झाकलेली होती. कुलपानं मले तीन दिवस देले. मी त्यात तेल घालत बसलो.

शांतानं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. गुरुजींनी दोनदा म्हटलं. ती म्हणे, "एक कागद सांभाळता आला नाही गुरुजी, दवाखान्यातली औषधं काय सांभाळू?" पुढं रोहिणखेडले देली, ती पेटीही कुलपासकट तिच्यासंगं गेली. संसार चांगला झाला. पण कडी लावली की तीनदा ओढून पाहायची. झोपल्यावर उठून चूल पाहायची. यात्रेले जाताना पिशवी दहादा उघडायची. पोरं हसत, तिचा नवरा हसे, "आमची विसरभोळी" म्हणत. मीही हसायचो. ज्याले तिच्यावर हसायचा हक्क नव्हता तोच मोठ्यानं हसायचा.

मागच्या भाऊबिजेले मी तिच्याकडे गेलो. आता माही ऐंशी झाली, तीही काठी घेऊन चालते. पत्र मी कधी जाळलं नव्हतं. का नाही जाळलं ते विचारू नका. त्या दिवशी पत्र अन् माझी चावी कोटाच्या खिशात होती. ठरवलं होतं, गुपचूप पेटीच्या तळाले कागदाखाली ठेवून द्यायचं. कधीतरी सापडन, सगळे म्हणतील इथंच होतं. म्हणजे पाहा, म्हातारपणीही मी चोरीच करायले गेलो होतो.

ती चूलघरात होती, सून ओवाळायचं ताट लावून राह्यली होती. मी पेटीपाशी बसलो, चावी घातली. आत पूर्ण गेली. फिरली नाही. उलटी-सुलटी केली, दाबून पाहिली. जशी त्या तीन दिवसांत तिची फिरत नव्हती, अगदी तशीच.

"दादा, खाली काऊन बसला?" शांता दारात उभी.

मले काही खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर आलं. पण चावी कुलपातच अडकलेली होती, अन् तिची चावी तर तिच्या गळ्यात होती. ती एकदा कुलपाकडे पाहे, एकदा गळ्याले हात लावे.

मी खिशातून पत्र काढून तिच्या हातात देलं. म्हटलं, "मी काढलं होतं. तू न्हायले बसली तेव्हा चावी बनवली."

तिनं चष्मा लावला. सगळं वाचलं, खालच्या शिक्क्यापर्यंत. मले वाटलं, आता ही शिव्या देईन. द्यायले पाहिजे होत्या. तिनं माह्याकडे पाहिलंच नाही. सुनेले हाक मारली, "सुनबाई! अवं, इकडे ये! हे पाह... मी हरवलं नव्हतं. मी जागेवरच ठेवलं होतं वं!"

तीनदा म्हटलं तिनं ते. मग पदर तोंडाले लावून खाली बसली.

ओवाळलं मले. ओवाळायचं टाळलं नाही. पण ताट खाली ठेवून लगेच चूलघरात गेली.

दोन महिन्यांनी शांताच्या सुनेचा फोन आला. म्हणे, "मामाजी, आत्याबाई आता कडी एकदाच लावतात." बाकी काही सांगितलं नाही तिनं.

यंदाच्या भाऊबिजेले बोलावणं आलं नाही. मी जायचे कपडे काढून ठेवले होते.

एकाच मापाच्या दोन चाव्यांतली एक चालते अन् दुसरी अडते, अन् मग पाळी बदलते... याचं उत्तर माह्या पन्नास वर्षांच्या कामात नाही. कोणाजवळ असन तर लिहा, पण मले आटे-कचरा सांगू नका, ते माहं पाहून झालं. दोन्ही चाव्या आता शांताजवळ आहेत. आज कोणती लागते, हे एका फोनवर कळलं असतं. तेवढं विचारायची मले हिंमत होत नाही.