पाण्याच्या कडेनं

तंजावूरच्या माणसाला चढ माहीत तो देवळाच्या पायऱ्यांचा. बाकी सगळं सपाट. भात, कालवा, नारळ, पुन्हा भात. त्यामुळे पळणीच्या डोंगरांवरच्या वनस्पती आणि त्या वापरणारी माणसं यांचा अभ्यास करायला मी महिनाभर जाणार म्हटल्यावर अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं पोरीचं डोकं फिरलं. "गुमान बँकेची परीक्षा दे," म्हणाले. मी ऐकेना. शेवटी, "मी येऊन बघतो. पटलं तर शीक, नाही तर सामान उचल," असं ठरलं. आणि खरंच की, आठवड्यात माकडटोपी घालून, स्वेटरवरून घरचा पंचा कमरेला घट्ट बांधून अप्पा वर हजर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या सकाळी तिथल्या बायका आम्हा शिकायला आलेल्यांना एक गुलाबी रानतेरडा दाखवत होत्या. सुजलेल्या गुडघ्याला त्याचा पाला बांधतात. तो उगवतो कड्याच्या अगदी टोकाला, जिथं पडत्या पाण्याचे तुषार सतत उडतात तिथंच. म्हणून तो तोडायला कुणी एकटी जात नाही. दोघी पदराला पदराची गाठ मारतात, मगच पुढची वाकते. अप्पा मागं बसून जांभया देत होते. "फूल तोडायला एवढं शास्त्र!" मला आमच्या घरच्या मराठीत म्हणाले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. अशी भडकले मी!

दुपारी त्यांना वरचा गवताळ माळ दाखवायला नेलं आणि धुकं उतरलं. बघता बघता वाट गेली. मी म्हटलं, बसून राहू. ते कसले ऐकतात! पायाशी एक बारीक ओहोळ सापडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाण्याच्या कडेनं गेलं की गाव येतं. एवढंही कळत नाही?" आमच्याकडे येतंच. कालवा धरून चाललं तर आंधळासुद्धा तिरुवैयारूला पोचेल. आणि मलाही ते पटलं, याचीच आज धडकी भरते. इतके दिवस डोंगर शिकत होते, पण पाय अजून भाताच्या बांधावरच होते.

ते पुढं, मी मागं. वारा असा सुटला होता की दुसरं काही ऐकू येईना.

"हे घे तुझं फूल!" अप्पा खुशीत ओरडले. समोर खडकावर गुलाबी तेरडा, चिंब भिजलेला. पाऊस तर नव्हता. मग हा भिजला कशानं? अप्पा तोडायला वाकले.

"अप्पा, मागं!" मी कमरेचा पंचा धरला आणि जीव खाऊन ओढला. दोघंही चिखलात आपटलो. त्यांच्या पायाखालचा दगड मात्र पुढं गेला. आम्ही कान देऊन बसलो. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

धुकं विरल्यावर खालची दरी दिसली. अय्यो! अप्पांनी माझं मनगट धरलं होतं, ते मुक्कामाला पोचेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच तंजावूरला गेले. आईनं विचारलं तर म्हणे, "डोंगर छान आहेत." बस्स!

महिना पुरा करून मी घरी आले. अभ्यासाचा पुढचा टप्पा थंडीनंतर होता आणि अप्पा त्याबद्दल अवाक्षर काढेनात. आता कसले पाठवतात, असं मी धरूनच चालले होते.

मार्गळीतल्या, ऐन थंडीच्या महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दोघं कालव्यावर फिरायला गेलो. भातावर धुकं होतं, आमच्याकडचं, विरळ. ज्या वाटेवर अप्पा लहानपणापासून चालतात, जिथं पडलं तरी गुडघाभर पाणी, तिथं ते एकदम थांबले. खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"तू पुढं हो."

टोक धरून मी पुढं झाले. थोडं चालल्यावर मागून आवाज आला, "पुढच्या खेपेला जाशील तेव्हा चांगली दोरी घेऊन जा. हा पंचा जुना झालाय."