हव म्हणजे हो नव्हे

"आप लोगों के यहाँ तो ये सब चलता ही होगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मी म्हणाले, "हव."

खोलीत सोफ्यावर तीन पोरांचे आईबाप बसले होते. त्यांच्या पुढ्यात चहा. मी दाराशी उभी. मला कोणी बस म्हटलं नाही. त्यातल्या एका ठेकेदाराची बायको नवऱ्याला म्हणाली, हळू, पण मला ऐकू येईल इतकंच हळू, "ये तो वही है, पुराने कपड़ों पे बर्तन देने आती थी."

होते मी तीच. डोक्यावर पाटी घेऊन तात्यापारा मोहल्ल्यातली दारं झिजवली. मग गोल बाजारात कोपऱ्यातली दुकानाची जागा मिळवली, कोणाच्या मेहेरबानीने नाही. याच बाईने मला एका डब्यासाठी अर्धा तास उन्हात उभं ठेवलं होतं. तेव्हाही बस म्हटलं नव्हतं.

झालं असं होतं, की शाळेच्या सहलीच्या बसमध्ये चार पोट्टे दारू प्यायले. नववीतले. पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली, ठेकेदाराच्या घरातल्या कपाटातून. हे चौघांनीही सांगितलं. चौथा माझा होता. तो प्यायला होता, आणि मी ते एकदाही नाकारलं नाही.

निकाल असा: तिघांची नादानी. त्यांच्यासाठी दर शनिवारी समुपदेशनाच्या बाई येणार. माझ्या पोट्ट्याला टीसी. कारण घरचं वातावरण.

"और माँ ने तो अभी खुद मान लिया," मुख्याध्यापिका ठेकेदाराला म्हणाल्या.

मी काय मानलं, ते मला फाटकाबाहेर आल्यावर कळलं.

हव म्हणजे आमच्याकडे हो, हे खरं. पण सगळ्या वेळी नाही. समोरचं माणूस बोलून राहिलं तर मध्ये मध्ये हव म्हणायचं. ऐकते आहे, बोला. माझा तर धंदाच त्यावर उभा राहिला. गिऱ्हाईक म्हणणार, कढई पातळ आहे. हव दीदी. पलीकडे स्वस्त मिळते. हव दीदी. आणि भाव सोडायचा नाही. इथली कुठलीही बाई हे ओळखते. मुख्याध्यापिका हे शहर राजधानी झाल्यावर बाहेरून आलेल्या. त्यांनी हव ऐकलं आणि गुन्हा कबूल झाला.

माझ्या घरात दारू चालत नाही. म्हणूनच नवरा माझ्या घरात नाही. हे मी सोफ्यावरच्या लोकांना काहून सांगू?

पोरगा दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"काहून पेला तू?"

"सबने पी थी, मम्मी."

"मी सगळ्यांची माय नाही."

तो म्हणाला, "निकाल दिया ना? ठीक है. दुकान पे बैठूँगा."

त्याने हे अगदी सहज म्हटलं. दुकानामागच्या बोळात दुपारी कोण बसतं ते मला माहीत आहे. आमच्याच पाऱ्यातला, मोहल्ल्यातला एक पोट्टा तिथे असतो. सिगारेट ओढताना सापडला म्हणून त्याला शाळेने काढलं होतं. शाळा स्वच्छ झाली. पोट्टा आता रुमालावर पंक्चर चिकटवायचं सुलेशन ओतून नशेसाठी नाकाशी धरतो आणि त्याची माय समोरून गेली तरी तिला ओळखत नाही. दिवसभर ज्याला कुठे जायचं नसतं, तो तिथे जातो. एवढं साधं आहे ते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. कोणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसले. ठेकेदारही होता. तो शाळेच्या समितीवर. खेळाचे सर खिडकीशी उभे.

"मैडम, कल का हव, हाँ नहीं था."

"तो क्या था?"

"आप बोल रहे थे, मैं सुन रही थी. वो था."

मुख्याध्यापिकांनी खेळाच्या सरांकडे पाहिलं. सर इथलेच, अभनपुरकडचे. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यहाँ ऐसे ही बोलते हैं, मैडम." हे त्यांना कालही माहीत होतं. कालही ते याच खोलीत होते.

मुख्याध्यापिकांचा आवाज मऊ झाला. दाखल्यावर आचरण उत्तम लिहून देऊ. कोणाला काही कळणार नाही. दुसऱ्या शाळेत सहज घेतील. चुपचाप घेऊन जा.

सौदा होता. मी सौदे ओळखते. जन्मात पहिल्यांदा मला भाव करावासा वाटला नाही. रागही थकलेला.

"मेरे लड़के ने पी है," मी म्हणाले. "झूठ नहीं बोलूँगी. उसको भी शनिवार को बिठाओ. नहीं तो चारों को निकालो."

ठेकेदार हसला. "हमारे बच्चों के साथ बैठेगा ये?"

"पीते टाइम साथ ही बैठा था, भैया."

तो हसायचा थांबला. मुख्याध्यापिका कागद सारखे करत बसल्या. मी उठले नाही. घंटा झाली, पोरं मधल्या सुट्टीत बाहेर आली, परत वर्गात गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक है. शनिवार को भेजिए."

शनिवारी तो गेला. खोलीत एकटाच होता. बाकी तिघांसाठी समुपदेशनाच्या बाई आता घरी जातात म्हणे. माझा पोट्टा बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्याचं सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही, कारण मला ते माहीत नाही. रोज तो घरात शिरला की मी त्याच्या तोंडाचा वास घेते. त्याला राग येतो. येऊ दे.

काल दुकानात एक बाई आली. नवरा ऑटो चालवतो, पोरगा त्याच शाळेत आठवीत. त्याच्या दप्तरात दारूची बाटली सापडली. तिलाही उद्या बोलावलं आहे. तिने शेजारणीकडून चांगली साडी मागून आणली होती, शाळेत नेसायला. मी म्हटलं, ती परत कर, रोजचीच नेस. उद्या दुकान बंद ठेवून मी तिच्याबरोबर जाणार आहे.

ती विचारत होती, तिथे काय बोलू.

मी सांगितलं, "पोट्ट्याने केलं असेल तर केलं म्हण. माफी माग. पण टीसीला हात लावू नको."